यात पाऊस कमी पडतोय

गेल्या आषाढातली रात्र. जेवणं आटोपली होती, मी ओटा पुसत होते आणि आई बाहेर टीव्हीपुढे बसली होती. “यात पाऊस कमी पडतोय गं,” ती म्हणाली. मला वाटलं, खिडकीबाहेरचं बोलतेय. बाहेर तर सकाळपासून धार लागलेली. आमच्या नवव्या मजल्यावरून घोडबंदर रोडवरच्या गाड्यांचे मागचे दिवे नुसते लाल ओघळ होऊन दिसत होते. मी म्हटलं, “कमी कुठला, उद्या वंदना टॉकीजपाशी पाणी भरणार बघ.”

“बाहेरचा नाही. ह्यातला.”

हात पुसत बाहेर आले. टीव्हीवर जुना काळा-पांढरा मराठी सिनेमा चालू होता, तिने वीसेक वेळा तरी पाहिलेला. सासरच्यांनी बाहेर काढलेली सून दिंडी दरवाजाशी भिजत उभी आहे, असा प्रसंग. “रेघा दिसायच्या पावसाच्या,” आई म्हणाली, “आता नुसतं धुकं आल्यासारखं दिसतंय. आणि ती मेली भिजल्यासारखी वाटतच नाही.” मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. पार्श्वसंगीतात पाऊस कोसळत होता, पदर अंगाला चिकटला होता, केसांतून पाणी निथळत होतं. पण पडणारा पाऊस म्हणावा असा नव्हता. तिच्यामागच्या भिंतीचे पोपडेही गेले होते. दीडशे वर्षांच्या वाड्याला कुणीतरी रातोरात पीओपी करून दिल्यासारखी ती भिंत गुळगुळीत दिसत होती.

आई पुढे काही बोलली नाही. प्रसंग संपला, थोड्या वेळाने सिनेमाही संपला, ती गोळी घेऊन झोपायला गेली. मला मात्र ते वाक्य लागलं. कारण ती फाइल मी केलेली होती. ती आणि तिच्यासारख्या आणखी साठेक. आठ रविवार घालवून, लॅपटॉपचा पंखा घरघरवत, नवऱ्याचे टोमणे ऐकत. आणि शहात्तर वर्षांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईने एका नजरेत चूक काढली होती.

चरईतली आमची जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, तेव्हाची ही कामं. आई माझ्याकडे राहायला आली आणि तिच्यासोबत काय काय यायचं यावर आमच्या रोज वाटाघाटी होत. पाटा-वरवंटा आला नाही. शिवणयंत्र आलं. माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या ट्रंकांवर घोडं अडलं. त्यात बाबांच्या डिस्का होत्या. झाकण उघडलं की डांबरगोळ्या, जुनं प्लॅस्टिक आणि ठाण्याचा पावसाळा जिथे तिथे सोडून जातो तो बुरशीचा वास, असा तिन्हींचा मिळून भपकारा यायचा. मोजले तर एकशे त्रेचाळीस सिनेमे निघाले: शहाण्णव डीव्हीडीवर आणि सत्तेचाळीस व्हीसीडीवर, म्हणजे दोन-दोन, तीन-तीन तबकड्यांच्या जोड्या. शिवाय नात्यातल्या लग्नांच्या, मुंजींच्या सात-आठ. मी ऐटीत सांगून टाकलं, “ट्रंका नाही येणार. पण आतलं सगळं मी एका हार्ड डिस्कमध्ये बसवते, तुझ्या चष्म्याच्या डबीएवढ्या.” आई म्हणाली, “बसव. पण नीट बसव.”

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. एकतीस वर्षं त्यांनी लोखंडी तुकडे मोजले. व्हर्नियर, मायक्रोमीटर, आणि त्यांचं आवडतं ते गो-नो गो गेज: एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, त्यात मत-बित काही नाही. ही नजर ते घरी घेऊन येत. दाराची कडी, पोळीचा काठ, माझ्या वहीतला समास, काहीही त्यातून सुटत नसे. आईने कधी म्हटलं, “चालेल हो,” तर ते म्हणायचे, “चालेल ना. बरोबर नाहीये पण.” निवृत्त झाल्यावर ही मोजायला बसलेली नजर कुठे न्यायची हा प्रश्नच होता, ती सिनेमांवर गेली. तो काळही तसाच होता. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली आणि गोखले रोडवरच्या दुकानात भाजीसारख्या टोपल्या भरून सिनेमे दिसू लागले. बाबा संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायला जायचे आणि येताना कांद्यांच्या पिशवीत एक सिनेमा असायचा.

व्हीसीडीचं तंत्र तर एखाद्या सणासारखं होतं. पहिली तबकडी संपली की पडदा निळा व्हायचा, बाबा उठायचे, आई चहा टाकायची. थिएटरात मध्यंतर दिग्दर्शकाच्या मर्जीने होतं, आमच्याकडे ते तबकडीत किती मिनिटं मावली यावर ठरायचं. नायक जिन्यात अर्ध्यावर असताना चहा व्हायचा आणि तो उरलेला जिना बिस्किटं संपल्यावर चढायचा. डिस्क पुसायची ती मऊ मलमलीने, मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ, गोल गोल कधीही नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवर लांबच लांब येतो आणि चुकीची दुरुस्ती करायला प्लेअरला जागा राहत नाही; आडवा असला तर तो निभावून नेतो. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, तोवर बाबांचा आणखी एक हेका एवढंच वाटायचं. टूथपेस्ट लावून ओरखडे घालवायचा प्रयोगही आमच्याकडे झाला. डिस्कला पुदिन्याचा वास येत राहिला, ओरखडा तिथेच.

प्रत्येक कव्हरात एक चिठ्ठी असायची. बसच्या तिकिटापेक्षा जरा मोठी, कारखान्यातल्या जुन्या जॉब कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूची, पट्टीने फाडलेली. कव्हरं फेकून देताना मी या चिठ्ठ्या न वाचता श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या होत्या. वाचायला बसले असते तर घर रिकामं करायच्या मुदतीत काही झालं नसतं. आणि खरं सांगायचं तर बाबांचं अक्षर बघायची माझी तेव्हा तयारी नव्हती.

तर मी काय केलं होतं? मी अकाउंट्स बघते, वीस वर्षं. आकडे बसवणं हाच माझा धंदा. प्रत्येक सिनेमा सातशे एमबीत बसवायचा, असं मी ठरवलं. का सातशे, हे विचारू नका, त्यावर पुढे येते. दोन तास आठ मिनिटांच्या सिनेमाला सातशे एमबी म्हणजे सेकंदाला साधारण साडेसातशे किलोबिट वाट्याला येतात, त्यातले सव्वाशे आवाजाला गेले की चित्राला उरतात सव्वासहाशे-साडेसहाशे. त्याच सिनेमाला डिस्कवर सेकंदाला साडेचार हजारांच्या आसपास मिळालेले होते. म्हणजे पगार एक सप्तमांश केला आणि काम तेवढंच सांगितलं. चित्र आकसवायची नवी पद्धत जुनीपेक्षा हुशार आहे हे खरं. डीव्हीडीतली एमपेग-२ ही नव्वदच्या दशकातली, आणि २००३ साली आलेली एच.२६४ तेवढंच चित्र निम्म्या जागेत सहज ठेवते. पण निम्म्या. सातव्या हिश्श्यात नाही. त्यावर कडी म्हणजे, जुन्या सिनेमांत जे दाणे वळवळतात तेच जागा खातात असं माझ्या लक्षात आलं, म्हणून मी हँडब्रेकमध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरने सिनेमे आकसवत होते त्यात, ते दाणे पुसणारा डीनॉइजचा फिल्टरही लावून दिला. तो आपोआप लागत नाही हं. मी मुद्दाम लावला. पहिल्या दोन-तीन सिनेमांचे चेहरे कसे स्वच्छ, धुतल्यासारखे दिसले, आणि मी खूश झाले.

हे कॉम्प्रेस होतं म्हणजे आत काय होतं, ते मला माझ्याच धंद्याच्या भाषेत समजलं. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनात ठळक काय आणि बारीक काय ते वेगळं काढायचं. मग बारीक असेल ते राउंड ऑफ करायचं. आमच्या बिलाखाली ती ओळ असते ना, सत्तेचाळीस पैसे कमी, त्रेचाळीस पैसे जास्त, तीच. जागा जितकी कमी, तितकी राउंड ऑफची पायरी मोठी. आधी पैसे जातात, मग रुपये, मग दहाच्या पटीत, आणि बारीक नक्षी म्हणून जे काही होतं त्याच्या जागी शून्य येतं. दुसरी युक्ती अशी की दर वेळी सगळं चित्र लिहायचंच नाही. एक पूर्ण लिहायचं आणि पुढच्यांत फक्त काय बदललं तेवढं: भिंत तीच, दार तेच, हात हलला, तर हाताचं लिहा. डीव्हीडीत साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र येतं. नव्या पद्धतीत ते दहा-दहा सेकंदही आलं नाही तरी भागतं, बाकी सगळं उधारीवर.

आता यात पाऊस घाला.

पावसात उधारीवर काही मिळत नाही. एका चित्रातला थेंब पुढच्या चित्रात तिथे नसतो. जो असतो तो दुसराच. संगणक मागे वळून बघतो, ‘ही रेघ मघाशी कुठे होती बरं?’ आणि ती कुठेच नव्हती. चुलीचा धूर, नदीवरची चमक, वाऱ्यातलं पिंपळाचं झाड, गुलाल, सगळ्यांची हीच गत, पण पाऊस सगळ्यांत वाईट, कारण तो चौकटभर असतो. त्यात तो पडद्यावर दिसावा म्हणून कॅमेरामन मागून दिवा मारतात, थेंबांच्या कडा चमकवतात. समोरून उजेड टाकला तर बंबाने मारलेला पाऊससुद्धा कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. म्हणजे कुणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी रात्री शिडीवर दिवा चढवून, पाणी मारून, माणसं भिजवून तो पाऊस दिसता केला होता. आणि माझ्या फिल्टरने तो बघितला आणि म्हटलं: बारीक, पांढरं, दर फ्रेमला जागा बदलतंय, म्हणजे हा कचरा. काढून टाका. जे थोडं उरलं ते राउंड ऑफमध्ये गेलं.

आमच्या पुस्तकांत ‘राउंड ऑफ’ नावाचं एक खातं असतं. वर्षभर सोडून दिलेले पैसे तिथे जमा होतात, मार्च अखेरीला ते सव्वाशे-दीडशे रुपये दिसतात, ऑडिटर त्याकडे ढुंकून बघत नाही, पण ते असतं. सिनेमा आकसवताना असं खातं कुणी ठेवत नाही. फाइल तयार होते, शेवटपर्यंत चालते, लांबी तीच, आवाज तोच, आणि काय गेलं त्याची एक ओळ कुठे लिहिलेली नसते. मूळ जवळ असेल आणि कुणी शेजारी लावून बघितलं तरच. मी तर डिस्का रद्दीवाल्याला द्यायच्या बेतात होते.

त्या रात्री झोप आली नाही, म्हणून उठून लग्नाच्या डिस्का काढल्या. धाकट्या मावशीच्या लग्नाची कॅसेट २००५-०६च्या सुमारास एका फोटो स्टुडिओतून डीव्हीडीवर करून घेतलेली. साडेतीन तासांचं लग्न त्यांनी एकाच डिस्कवर कोंबलं होतं, ४.७ जीबीत, म्हणजे आताचं माझं पाप तेव्हा दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं. बाकी सगळं ठीकठाक. गडबड एकाच जागी. भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, ‘शुभ मंगल सावधान’ होतं, आणि अक्षता पडल्या रे पडल्या की चित्र फाटतं. दोनशे माणसांनी एका क्षणी उधळलेला तांदूळ. त्याहून अवघड काय असणार? अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना चौकोनच चौकोन, जणू लादीकाम चाललंय. त्या लाद्यांच्या मागे माझी आजी आहे. ती बोहल्याच्या उजवीकडे उभी होती हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तिच्या पैठणीचा रंग दिसतो, अक्षता थांबल्या की ती तिथे असते. अक्षता पडताना ती रडत होती का, यावर आई आणि मावशीचा अजून वाद आहे. आई म्हणते रडत होती. मावशी म्हणते, ती फुलवाल्यावर चिडलेली होती. व्हिडिओ कामाला येत नाही. बरोब्बर तेवढे सात-आठ सेकंद नाही येत. आणि ते परत आणायचा काही मार्ग नाही. मूळ कॅसेट बुरशीने खाल्ली, डिस्कवर जे आलंच नाही ते कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. हल्ली चित्र सुधारून देणारी मंडळी आहेत, पण ती भरतात तो चेहरा त्यांच्या अंदाजाचा असतो. अंदाजाची आजी मला नको.

त्या डिस्कचं तरी जे आहे ते वाचवायला हवं, हे मात्र त्या रात्री पक्कं झालं. कारण घरी किंवा स्टुडिओत जाळलेली, म्हणजे ‘बर्न’ केलेली डिस्क आणि कंपनीतून छापून आलेली डिस्क यांत फरक आहे. छापलेल्या डिस्कमध्ये माहिती खड्ड्यांच्या रूपात दाबलेली असते. जाळलेलीत ती एका रंगाच्या थरावर उमटवलेली असते, आणि रंग म्हटला की तो उडतो. आमच्या मुंजीच्या दोन डिस्का उघडल्याच नाहीत. वरून बघितलं तर अगदी कोऱ्या करकरीत, खालून जांभळट, एक ओरखडा नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मी तो पावसाचा प्रसंग धरून बसले. अख्खा सिनेमा करत बसायचं नाही, दोन मिनिटांचा तुकडा घ्यायचा आणि त्याच्यावर प्रयोग करायचे, हे शहाणपण आठ रविवारांनंतर आलं. फिल्टर काढला. फाइलचा आकार आधी ठरवून चित्राला त्यात कोंबायचं, हे सोडून दिलं; त्याऐवजी दर्जा ठरवायचा आणि आकार होईल तो होऊ द्यायचा. हँडब्रेकमध्ये त्यासाठी आरएफ नावाचा आकडा असतो, जितका लहान तितकं चित्र चांगलं. बावीसला पाऊस आला, पण रिमझिम. वीसला सरी आल्या. अठराला भिंतीचे पोपडे परत दिसले, आणि ‘ग्रेन’चं ट्यूनिंग लावल्यावर पडदाभर ते दाणे वळवळू लागले, जे काढून टाकल्याचा मला आनंद झाला होता. दाणे परत आले तेव्हा कळलं की भिंत त्यांच्याच जिवावर भिंत दिसत होती. पूर्ण सिनेमा पावणेदोन जीबीचा झाला. नवरा मागून बघत होता. म्हणाला, “मला सगळे सारखेच दिसतायत.” त्याला कढीतली आणि आमटीतली फोडणीही सारखीच लागते, तेव्हा तो निकष धरला नाही.

तिथे मला पहिल्यांदा तो प्रश्न पडला. सातशे एमबीच का? उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सीडीवर सातशे एमबी मावायचे. २००३ साली कॉलेजात आम्ही एक सिनेमा एका सीडीत बसवायचो, कारण कोरी सीडी विकत घ्यावी लागे आणि दोन घ्यायला जीव व्हायचा नाही. सीडी गेली, सीडी लावायची खाच लॅपटॉपातून गेली, आणि तो आकडा माझ्या डोक्यात जसाच्या तसा राहिला, मोडलेल्या बंगडीच्या मापाची अंगठी करावी तसा. मी कागद घेऊन सरळ बेरीज मांडली. डीव्हीडी एका थराची असेल तर ४.७ जीबी, दोन थरांची असेल तर ८.५. सगळ्या शहाण्णव दोन थरांच्या धरल्या, ज्या त्या नाहीतच, तरी आठशे सोळा जीबी. व्हीसीडी सत्तेचाळीस सिनेमांच्या, प्रत्येकी दीड-दोन जीबी धरा, फार तर शंभर. मी घेतलेली हार्ड डिस्क दोन टीबीची होती. म्हणजे ट्रंकांतलं सगळं, एक ठिपका न काढता, जसंच्या तसं त्यात बसून निम्मी जागा मोकळी राहत होती. मी ज्या जागेसाठी पाऊस काढून टाकला, ती जागा रिकामीच पडून होती.

वीस वर्षं अकाउंट्समध्ये. कुणाला सांगायची सोय नाही.

मग पुन्हा पहिल्यापासून. डीव्हीडीतलं चित्र आणि आवाज न आकसवता, न दळता, जसा आहे तसा उचलून नुसता नव्या डब्यात ठेवायचा. एका डिस्कला वीस-पंचवीस मिनिटं. व्हीसीडीला तर हातच लावायचा नाही; आधीच साडेतीनशे बाय दोनशे अठ्ठ्याऐंशी ठिपक्यांचं ते चित्र, सेकंदाला साडेअकराशे किलोबिटांवर जगणारं, त्याच्यातून आणखी काय काढणार? ती डॅट फाइल उचलायची, नाव बदलायचं, ठेवून द्यायची. लग्नाच्या डिस्कांत हात हलला की कडेला फणीचे दात दिसतात, कारण ते चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या-अर्ध्या पट्ट्यांत काढलेलं असतं. तेही मी सरळ करायला गेले नाही, टीव्ही ते वाजवतानाच विंचरून घेतो. हार्ड डिस्का दोन केल्या, एक माझ्याकडे, एक पुण्याला भावाकडे. फक्त आईच्या मोबाइलसाठी म्हणून काही सिनेमे छोटे केले, आणि त्यांच्या नावापुढे ‘छोटा’ असं लिहिलं, म्हणजे पुढे कुणी त्यालाच मूळ समजायला नको. (आईकडे एकच तक्रार राहिली, ती माझ्या टीव्हीबद्दल. चौकोनी सिनेमा रुंद पडद्यावर ताणून दाखवायची सेटिंग कुणीतरी करून ठेवली होती, त्यात सगळी मंडळी बाळसं धरल्यासारखी दिसत. ती मी बदलली. कडेला काळ्या पट्ट्या आल्या. काही घरांत त्या पट्ट्या चालत नाहीत, पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत म्हणून.)

पावसाच्या सिनेमाची पाळी आली तेव्हा मला श्रीखंडाचा डबा आठवला. चिठ्ठ्यांचा गठ्ठा उपसत बसले. अक्षर जसंच्या तसं, शिरोरेषा पट्टीने ओढल्यासारखी. एकीवर ‘रंग उडालेला, आवाज ठीक’. एकीवर ‘दुसरी तबकडी ११ मि.पाशी अडते, पुसल्यावर चालते’. एकीवर नुसतंच ‘नापास. परत केली’. आणि मग सापडली ती: ‘प्रिंट मध्यम. आवाज खरखरीत पण स्पष्ट. पावसात उजवीकडे उभी रेघ. पास.’

मी आधी माझी जुनी सातशे एमबीची फाइल लावली. सून भिजत होती, उजवीकडे काही नव्हतं. मग मूळ डिस्क लावली. बाराव्या-तेराव्या सेकंदाला, उजव्या कडेपासून चार बोटं आत, वरपासून खालपर्यंत एक पांढरी उभी रेघ, केसाएवढी, थरथरणारी. पावसाच्या रेघांत मिसळून गेलेली, पण पाऊस तिरका पडतो आणि ही सरळ. इतकी वर्षं तो प्रसंग बघून मला ती कधी दिसली नव्हती.

आई मेथी निवडत बसली होती. तिला दाखवलं. “ती रेघ होय,” ती म्हणाली, “त्या रेघेवरून तर ह्यांनी दुकानात दोन तास घालवले.” मला हे माहीतच नव्हतं. बाबा ती डिस्क बदलून मागायला गेले होते. दुकानदाराने दुसरी दिली, बाबा म्हणाले, लावून दाखव. तिच्यातही रेघ. तिसरी फोडली, तिच्यातही. दुकानदार वैतागला, गिऱ्हाइकं हसायला लागली. आणि बाबा एकदम खूश होऊन घरी आले. म्हणाले, डिस्कचा दोष नाही गं, प्रिंटलाच आहे, कुठल्यातरी थिएटरातल्या मशीनने ओरखडलेली रीळ असणार. “आणि मग पास केली,” आई म्हणाली, आणि मेथीचा एक किडका देठ बाजूला टाकला.

मी एक्सेलमध्ये एक यादी केली आहे. सिनेमा, लांबी, किती जीबी, आणि शेवटी शेरा. त्या ओळीत मी ‘पाऊस आहे. रेघ आहे.’ एवढं लिहिलं आणि ‘पास’ लिहिता लिहिता थांबले. ते आईने बघून सांगायचं. ती म्हणाली, रविवारी बघू. रविवारी दुपारी लाईट गेली. त्याच्या पुढच्या रविवारी मी तोच लावायला गेले, तर म्हणाली, “नको गं, सारखं काय ते रडं. रंगीत लाव काहीतरी.”